करकोच्यानं नेलेला शिक्का

इस्क्रा : करकोच्यानं नेला.

स्तामेन : चोचीत धरून. मी स्वतः पाहिलं. खिडकी उघडी, शिक्का टेबलावर, आणि घड्याळाच्या मनोऱ्यावर घरटं करून असतो ना, तो मोठा नर, लंगडा, तू ओळखतेस त्याला...

इस्क्रा : मी करकोचे ओळखत नाही, मामा. मी नगरपालिकेत नोकरी करते. तुझ्या संग्रहालयाची टेकडी चढून धाप लागलीय, आधी पाणी दे.

स्तामेन : घे. झऱ्याचं आहे, गंधकाचा वास येईल जरासा. या पाण्यानं सुलतानाच्या उंटाचा गुडघा बरा झाला होता.

इस्क्रा : मागच्या खेपेला तो सुलतानाच्या सासूचा गुडघा होता.

स्तामेन : सासूचा आधी झाला. मग तिनं उंटाला पाठवलं.

इस्क्रा : मामा, थट्टेच्या मूडमध्ये नाहीये मी. सकाळी राजधानीतून, सोफियाहून फोन आला होता. कुणा बाईनं पर्यटनाच्या पुस्तकातल्या शंभरच्या शंभर जागा पाहिल्या, जागोजागी शिक्के घेऊन पुस्तक भरलं आणि सोन्याचा बिल्ला मागायला गेली. तिथल्या माणसानं पानं चाळली. सगळ्या पानांवर गावाचं नाव असलेला गोल शिक्का, आणि आपल्या ग्लोगिनाच्या पानावर काय होतं?

स्तामेन : शिक्काच की.

इस्क्रा : चर्चच्या पावावर उमटवतात तो क्रूस होता. निळ्या शाईत.

स्तामेन : मग पुण्य लागलं असेल बाईला. बिल्ल्यापेक्षा बरं.

इस्क्रा : त्यानं विचारलं, तुमच्याकडे संग्रहालय आहे की बेकरी? नगराध्यक्ष माझ्या शेजारीच उभे होते, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. आता संध्याकाळपर्यंत एक तर खरा शिक्का दाखवायचा, नाही तर तो कसा गेला ते नीट सांगायचं, म्हणजे नवा करून देतील. दोन्हीतलं एकही जमलं नाही तर गावाचं नाव पुस्तकातून काढणार.

स्तामेन : काढू देत. गाव काय पुस्तकात राहतं?

इस्क्रा : गावात तरी कोण राहतं? आणि नाव गेलं तर वर कोण येईल, सांग ना. घड्याळ बंद पडलंय. झऱ्याला वास येतो. समोरचा डोंगर काय, तो रस्त्यावरूनही दिसतो. लोक शिक्क्यासाठी चढतात, मामा. कुणी आलं नाही की नगराध्यक्ष इथं कुलूप लावणार. मग तू घरी भिंतीशी बोलत बसशील.

स्तामेन : भिंत ऐकून घेते गं. हसत नाही एवढंच.

इस्क्रा : म्हणून म्हणते, शिक्का दे.

स्तामेन : तो आफ्रिकेत आहे.

इस्क्रा : लोक काय तक्रारी करतात ठाऊक आहे? म्हातारा ठसा हातात धरून बसतो आणि गोष्ट संपल्याशिवाय उमटवत नाही. एकाला सांगितलंस, मनोरा झुकलाय कारण तो खालच्या हमामखान्यातल्या बायकांच्या गप्पा ऐकतो. दुसऱ्याला सांगितलंस, इथल्या नदीला डोंगर ओलांडायचा होता, चढ बघून ती कंटाळली आणि माघारी वळली.

स्तामेन : माघारी वळलेली दिसतेच आहे खिडकीतून. मी कुठं खोटं बोललो?

इस्क्रा : कधीतरी खरं सांगावंसं नाही वाटत तुला?

स्तामेन : सांगून बघितलंय. गावात लोकरीच्या गोफाची गिरणी होती. अख्ख्या साम्राज्याच्या कोटांच्या कडेला आमचा गोफ लागायचा. मग तसले कोट गेले. गिरणीत पुढं घोंगड्या विणल्या, मग त्याही कुणी घेईना. मग कुलूप लागलं, मग पोरं गेली. ऐकणारा माणूस मान खाली घालून घड्याळ बघायला लागतो. त्यापेक्षा उंट बरा.

इस्क्रा : पोरं गेली खरी. माझी लेक स्पेनमध्ये, वॅलेन्सियात परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.

स्तामेन : फोन करते का?

इस्क्रा : रविवारी करते. दमलेली असते. मीही दमलेली असते. दोघी हवापाण्याचं बोलतो आणि ठेवतो. ऊठ, त्या खणाची किल्ली दे.

स्तामेन : उघडाच आहे. बघ.

इस्क्रा : शाईची गादी, सुतळी, चष्म्याची एक काडी... हा घे तुझा पावाचा ठसा. हा नेदामामीचा ना? तिच्या आईकडून आलेला.

स्तामेन : हो.

इस्क्रा : हा स्वयंपाकघरात असायचा, पिठाच्या डब्यात. तो इथं कसा आला?

स्तामेन : अदलाबदल झाली.

इस्क्रा : कुणाशी?

स्तामेन : सांगितलं ना. करकोच्याशी.

इस्क्रा : करकोचे इथून कधी जातात, मामा?

स्तामेन : ऑगस्ट संपता संपता.

इस्क्रा : आणि शिक्का कधी गेला?

स्तामेन : थंडीत.

इस्क्रा : थंडीत करकोचा?

स्तामेन : उशीर झाला होता त्याला. लंगडा आहे म्हणून सांगतोय ना मघापासून.

इस्क्रा : थंडीत मामी गेली.

(स्तामेन ठसा तिच्या हातून घेतो आणि बाहीनं पुसत राहतो.)

स्तामेन : हो. त्याच थंडीत.

इस्क्रा : तिचा डोक्याचा रुमाल मी बांधला होता. हातांची घडीही मीच घातली. उजवी मूठ उघडत नव्हती.

स्तामेन : संधिवात होता तिला.

इस्क्रा : अंगठ्याला निळी शाई होती, मामा.

स्तामेन : ती जायचीच नाही. सगळा जन्म या खुर्चीत बसून शिक्के मारले तिनं. राखेनं घासायची, व्हिनेगरनं घासायची. कणीक मळायला बसली की म्हणायची, तुझ्या पावालाही शिक्का लागणार बघ.

इस्क्रा : शाईचं नाही विचारत मी.

स्तामेन : शेवटी शेवटी विचारायला लागली, तिथं वर मला भेटायला कुणी येईल का रे? आता काय सांगायचं माणसानं? मी शिक्का आणला, हातात दिला. म्हटलं, हा घेऊन जा. शिक्का असला की लोक चढतात. थट्टाच होती गं. हसलीसुद्धा. मग मूठ मिटली, ती मिटलीच.

इस्क्रा : मूठ बघून वाटलंच होतं मला.

स्तामेन : तुला तेव्हापासून ठाऊक होतं? मग तेव्हाच मागितला का नाहीस?

इस्क्रा : मागून कुणाची मूठ उघडायला लावणार होते मी?

स्तामेन : आता सोफियाला खरं सांग. मी म्हातारा झालोय, माझं काय करणार आहेत ते?

इस्क्रा : खरं सांगितलं तर थडगं उकरायची परवानगी लागेल. तो अर्ज माझ्याच टेबलावर येईल आणि मलाच त्यावर सही करावी लागेल. गप बस जरा, फोन लावते... हॅलो. ग्लोगिनाहून बोलतेय, सकाळी बोलणं झालं होतं. हो, शिक्क्याचंच. करकोच्यानं नेला... करकोच्यानं. मनोऱ्यावरच्या... नाही, थट्टा नाही, मी नगरपालिकेतून बोलतेय. ऑगस्टच्या अखेरीस. खिडकी उघडी राहिली होती... लंगडा आहे, हो. थांबते.

स्तामेन : काय म्हणतोय?

इस्क्रा : हसतोय. अजून हसतोय... हो, ऐकतेय, बोला... अच्छा. कुणाचा? आजोबांचा?... बरं. बरं, आभारी आहे.

स्तामेन : काय झालं?

इस्क्रा : त्याच्या आजोळी करकोच्यानं आजोबांचा चष्मा नेला होता म्हणे. दर वसंतात आजोबा घरट्याखाली उभे राहून शिव्या द्यायचे. पंधरा मिनिटं सांगेल असं वाटलं मला. नवा शिक्का पाठवतो म्हणाला. नाव राहतंय.

स्तामेन : आजोबांचा चष्मा. थापा मारतोय लेकाचा.

इस्क्रा : असेल. मला बसू दे थोडा वेळ. पाय दुखतायत.

स्तामेन : कॉफी ठेवू? सकाळी भाजलेली बानित्साही आहे, आतलं चीज जरा खारट झालंय.

पाहुणा : नमस्कार. आत येऊ का? फक्त शिक्का हवा होता. हे पुस्तक. गाडी खाली चालूच ठेवलीय, बायको-मुलं बसलीत.

इस्क्रा : कुठून आलात?

पाहुणा : प्लोव्दिव्हहून. अंधार पडायच्या आत अजून दोन ठिकाणं उरकायचीत.

स्तामेन : तू मार, इस्क्रा. माझा हात आज धड नाही. दाबून मार, मामी दाबायची तसा.

पाहुणा : हा चर्चच्या पावाचा ठसा आहे ना? असाच माझ्या आजीकडे होता.

इस्क्रा : पावाचाच आहे. आमचा शिक्का करकोच्यानं नेला.

पाहुणा : करकोच्यानं?

स्तामेन : लंगड्या करकोच्यानं. त्याचं काय झालं, खिडकी...

इस्क्रा : मामा, तू कॉफीकडे बघ, मी सांगते. आणि तुम्ही असं करा, खाली जाऊन गाडी बंद करून या. मुलांनाही आणा. हे जरा लांबतं.