मायला नेलं मुक्कामाला

सगळ्यांनी कमरेचे पट्टे आवळून घ्यावेत, खुर्च्या सरळ कराव्यात, लहान लेकरांना मांडीवर घ्यावं, कारण एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करण्यात येत हाय: मी, मंदाकिनी, वय सेहेचाळीस, राहणार धारूरच्या डोंगरातल्या मूठभर घरांच्या गावची, हिनं आपल्या सख्ख्या मायला बावीस वर्षं फसवलं. हां, आता बसा निवांत, सांगते.

आमचं घर ऊसतोडीचं. दसरा झाला की मायबाप गाडीत बसून कारखान्याला जायचे आणि मी मावशीकडं युसूफ वडगावला शाळेत. मायचं एकच म्हणणं, पोरीच्या हातात कोयता द्यायचा न्हाई. तर मी शिकले, कॉलेज केलं, पेपरात जाहिरात बघून हवाईसुंदरीच्या मुलाखतीला गेले, तिथं साहेबानं विचारलं, दहा-दहा तास उभं राहता येईल का. मी म्हटलं, साहेब, माझी माय बारा तास वाकून राहती, मला नुसतं उभं राहायला काय जड हाय. साहेब हसला, आणि घेतलं मला.

गावात फोन केला तर मायनं विचारलं, काम काय असतंय गं? आता काय सांगू तुम्हाला. लोकांना वाढायचं आणि त्यांचं उष्टं-खरकटं उचलायचं, हे त्या बाईला कसं सांगायचं, जिनं माझ्यासाठी डोक्यावर मोळ्या वाहिल्या? म्हटलं, देखरेख असती माय. म्हणाली, म्हणजे मुकादम? म्हटलं, हां, तसंच. आता मुकादम म्हणजे टोळीवर नजर ठेवणारा, स्वतः कधी कोयता न धरणारा. झालं, सांजच्याला गावभर झालं की गयाबाईची लेक विमानाची मुकादम झाली.

लोक मला विचारतात, लई देश बघितले असतील? मी म्हणते, पडदे बघितले. विमान उतरलं की आम्हाला हॉटेलात टाकतात, एक-दोन दिवसांचा मुक्काम, लेओव्हर म्हणतात त्याला, आणि आम्ही पडदे ओढून झोपतो. उठल्यावर आधी आठवावं लागतं की हे गाव कोणतं. एकदा तर मी मागच्या मुक्कामाच्या खोलीचा नंबर डोक्यात धरून एका जपानी आजोबाच्या दारावर पाच मिनिटं भांडले हाय. मोजे धुवायचे, दिव्यावर वाळत घालायचे, घरून आणलेली कडक भाकरी शेंगाच्या चटणीला लावून खायची. एकटीनं. ते एकटं खाणं मला कधी जमलं न्हाई, म्हणून एकदा ठरवलं की मायला संगं न्यायचं. जागा रिकामी असली तर आमच्या माणसांना बसता येतं.

मुंबईहून दिल्ली, तिथं मुक्काम, तिथून मेलबर्न, तिथं दोन दिवस, मग परत. माय निघाली ती गाठोडं मांडीवर घेऊन, वर ठेवू दिलं न्हाई, म्हणाली, ट्रकात वर ठेवलेलं उडून जातंय. जाताना सगळा वेळ पदर तोंडावर घेऊन डोळे मिटून बसली. मला तर बरंच झालं, मुकादम काय करते ते तिनं बघितलंच न्हाई.

मेलबर्नच्या हॉटेलात पलंगावर बसेना. खाली गोधडी अंथरली. सकाळी मी उठते तर खोली झाडूनपुसून लख्ख, चादरी घडी घातलेल्या, न्हाणीघर घासलेलं, कारण तळ मोडताना जागा स्वच्छ करून द्यायची ही आमच्या टोळीची रीत, आणि मी म्हटलं, माय, अजून उद्याचा दिवस हाय की गं, तर म्हणाली, मग उद्या परत करीन. तेवढ्यात खोली साफ करणारी बाई आली, कुठल्या देशाची देव जाणे, खोली बघून दारातच थबकली. मायनं तिला हाताला धरून गोधडीवर बसवलं, भाकरी-चटणी दिली. त्या बाईच्या डोळ्यांत तिखटानं पाणी आलं, तरी तिनं दुसरा घास घेतला. दोघी अर्धा तास बोलत होत्या. काय, कुणास ठाऊक, पण हसत होत्या.

ती गेल्यावर माय म्हणाली, बिचारी, दुसऱ्याचं आवरून खाती. तुझं बरं हाय बाई, तू मुकादम.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत राहिले. दोन दिवस रोज ठरवत होते, आज सांगते. सांगितलं न्हाई.

परतीला मायचा धीर चेपला होता, टक्क डोळे उघडून बसली. मी मुद्दाम पलीकडच्या बाजूला काम मागून घेतलं. पण मायच्या बाजूला काम करणारी नेहा, दिल्लीची पोर, जेवण वाढून होतंय तोवर तिला उलट्या सुरू झाल्या, मागं नेऊन निजवली. तिची उष्टे ट्रे गोळा करायची गाडी मलाच ओढावी लागली, एकटीला. एका गाडीला दोघी लागतात. एक-एक रांग पुढं येत होते आणि मायची रांग जवळ येत होती. शेवटी तिच्यासमोर उभी राहिले, हातात कुणाचा तरी अर्धा खाल्लेला वरण-भात. मायनं माझ्या हाताकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं वाटायला खाली जमीन तरी पाहिजे ना.

तर ती उठली. पदर खोचला. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, आणि जोडीतलं एक आजारी पडलं तर शेजारचं माणूस हातावर हात ठेवून बसत न्हाई. मायनं मागच्या तीन रांगांचे ट्रे गोळा केले, नीट एकावर एक, मोळी रचल्यासारखे. आमचे साहेब पळत आले, आंटीजी, बैठिये, तर तिनं त्यांना सांगितलं, बाबा, कोयता अर्धा पडलाय, तुमी बाजूला व्हा. साहेब खरंच बाजूला झाले.

सगळं आवरल्यावर मी तिच्या खुर्चीपाशी उकिडवी बसले. म्हटलं, माय, मी मुकादम न्हाई. कधीच नव्हते. मी हेच करते.

आता गावात गेले की मी स्वतःच सांगते की मी लोकांना वाढते आणि उष्टं उचलते, आणि माय शेजारी बसून मान डोलावती, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरलाय. पण त्या वेळी तिनं माझं बोलणं ऐकलं की न्हाई तेच कळेना. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, पायांकडं बघत होती, मग एकदम उभी राहिली आणि उसाच्या फडात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक घालावी त्या आवाजात सगळ्या विमानाला म्हणाली, ओ, तुमी समदे पोटभर जेवलात, हिला कुणी इचारलं का, तू जेवलीस का म्हनून?