जिवंत मासा गाडीत घ्यायचा नाही

तोक्योतल्या आपल्या मराठी मंडळाच्या आदरणीय अध्यक्ष सुमेधाताई, व्यासपीठावर विराजमान झालेले आणि होण्याची आशा बाळगून असलेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती जगदीश गोंधळेकर आणि कुमुदिनीताई, इथले फुनाबोरीचे यजमान, शेजारच्या कोतो भागातून सायकली हाकत आलेले पाहुणे आणि मागच्या रांगेत जपानीत कुजबुजणारे बालमित्र, आपणां सर्वांना नमस्कार.

प्रारंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. या सभागृहात बूट बाहेर काढावे लागतात आणि त्यांच्या मोबदल्यात या हिरव्या सपाता मिळतात. जपानी माणसाचं पाऊल प्रमाण मानून त्या घडवलेल्या आहेत. परिणामी व्यासपीठावरच्या प्रत्येक मान्यवराची टाच या क्षणी निराधार आहे. अध्यक्षांना हार घालायला मी उठलो तेव्हा माझी एक सपात त्यांच्या खुर्चीखाली गेली. ती अजून तिथेच आहे. अशा अवस्थेत माणसाने निरोपाचं भाषण गांभीर्याने करावं, ही अपेक्षा मंडळाने ठेवूच नये.

असो.

जगदीशला मी ओळखतो तो मासेमारीमुळे. आता माझ्यासारखा पुण्याच्या एका वृत्तपत्राचा तोक्योतला वार्ताहर, तोही लहानपणी पाठशाळेत संध्या आणि रूपं घोकलेला, मासेमारीत कसा शिरला? तर जगदीशला रविवारी सोबत हवी होती, आणि मला रविवारी बातमी नसते. त्याच्या घरी अंड्याचा केकही येत नाही. पण तो ब्लॅक बॅस नावाच्या माशासाठी कासुमिगाउरा तळ्यावर जायचा, पकडायचा, आणि तिथल्या तिथे पाण्यात सोडून द्यायचा. त्याच्या मते ही अहिंसा. माशाचं मत आम्ही विचारलं नाही.

हा मासा सज्जन नाही. तो बेडूक गिळतो, बदकाचं पिल्लू ओढून नेतो, भूक नसली तरी दुसऱ्याचा जीव घेतो. जगदीश म्हणायचा, "काका, तो खायला येत नाही, मारायला येतो. आपण त्याला मारण्याजोगं काहीतरी दाखवायचं." या एका वाक्यावर त्याचं सगळं शास्त्र उभं होतं.

त्या शास्त्राच्या दोन शाखा, म्हणजे दोन नकली आमिषं. पहिली स्विम जिग. शिशाचं डोकं, त्याला एकच गळ, भोवती रबराची झालर, आणि गवतात अडकू नये म्हणून गळापुढे राठ केसांचा कुंचा. रीळ एका लयीत गुंडाळत राहायचं. दुसरी स्विमबेट. हा साक्षात मासाच. डोळे, खवले, हलणारी शेपटी, आणि पोटाखाली तीन-तीन नखांचे दोन गळ. मी त्याला माझ्या धंद्याच्या भाषेत समजावून घेतलं. जिग म्हणजे आवई, स्विमबेट म्हणजे पुरावा. पाणी गढूळ असेल, लव्हाळी दाट असतील, तर माशाला नुसती आवई पुरते. तो अंधारात जाणवलेल्या हालचालीवर तुटून पडतो. तिथे काळी, जड जिग. पाणी नितळ असेल तर तो नीट बघतो, शंका घेतो. तिथे स्विमबेट. जगदीशने मला हे इतक्या वेळा सांगितलं की ही निवड मी झोपेतही करीन.

मग त्या सप्टेंबरातल्या रविवारी त्याने उलट निवड का केली?

त्याच्या कचेरीतले प्रमुख मोरिता-सान यांनी त्याला एक स्विमबेट भेट दिली होती. स्वतः लाकूड कोरून, रंगवून केलेली. इथली रीत आपल्याला ठाऊक आहे. भेट कपाटात ठेवायची नसते. ती वापरल्याचा फोटो सोमवारी टेबलाशी जाऊन दाखवायचा असतो, आणि देणाऱ्याने तो बघून फार संकोचायचं असतं.

आदल्या दोन दिवसांच्या पावसाने तळं चहासारखं झालं होतं. कुमुदिनीताई त्या दिवशी सहलीला म्हणून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गढूळ पाण्यात जिग टाकायची असं तूच सांगतोस ना?"

"एकदाच टाकतो. फोटोपुरती."

"फोटो रिकाम्या दोरीचा काढ की."

"मोरिता-सानना कळतं गं."

त्याने टाकली. मासा लागणार नाही अशी आम्हा तिघांचीही खात्री होती. आणि पाणी फुटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. हाताएवढा मासा लव्हाळ्यांतून उसळला आणि त्या लाकडावर असा आदळला की आवाज बंधाऱ्यावर ऐकू आला. जगदीशने त्याला ओढत काठाशी आणलं, जबड्यात अंगठा घालून उचललं, गळ काढायला खिशातली पक्कड काढली, आणि माशाने हिसडा दिला. पक्कड पाण्यात. स्विमबेटचा पुढचा गळ माशाच्या जबड्यात होता. मागचा गळ जगदीशच्या उजव्या तळहातात.

मंडळी, आता माणूस आणि मासा एकमेकांना जोडलेले. मासा हिसडा देई तसं ते नख आत जाई. मी म्हटलं, "चला, गाडीत बसा, आधी दवाखाना." आणि जगदीश, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं, मला म्हणतो, "काका, जिवंत बॅस गाडीत घेता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच कायदा झालाय. वाहतूक गुन्हा आहे."

"अरे, तू वाहतूक करत नाहीयेस. तो तुझ्या हातात घुसलाय."

"व्हिसा रिन्यूअलला टाकलाय. उगाच नाव नको."

सोमवार-मंगळवारचा कचरा वेगळा करताना शेजारच्या आजींची बोलणी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. त्यातून आपल्या अंगात एक धाक मुरला आहे. हा देश सांगेल त्याच्यापेक्षा चार नियम जास्तच पाळायचे. जगदीश त्या धाकाने बोलत होता. मासा मेलेला हवा, मगच गाडी.

जवळ दगड नव्हता. स्टीलचा, चहाने भरलेला थर्मास होता. मी माशाची शेपटी बंधाऱ्यावर दाबून धरली. थर्मास कुमुदिनीताईंनी उचलला. ज्यांनी इथल्या शाळेत मुलांना गणित शिकवलं, ज्या झुरळही कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतात, त्या.

पहिला घाव डोळ्यावर बसला. डोळा गेला, मासा गेला नाही. तो इतका तडफडला की माझ्या हातून सुटला. दुसरं नख जगदीशच्या करंगळीच्या मुळाशी शिरलं. पुढचा घाव त्याच्या मनगटावर पडला. तो म्हणाला, "सॉरी."

"तू कशाला सॉरी? हात सरळ धर."

"धरलाय."

"मेला का?"

त्याने वाकून पाहिलं. "कल्ले हलताहेत. अजून जिवंत आहे."

"आता तुलाच मारीन मी."

त्यांनी बुटाखाली माशाचं धड दाबलं आणि डोक्यावर घाव घालत राहिल्या. थर्मासचं झाकण उडालं, चहा, रक्त आणि खवले एकत्र वाहू लागले. मी शेपटी पुन्हा धरली होती. प्रत्येक घाव माझ्या तळहातापर्यंत येत होता, आणि जगदीशचा हात प्रत्येक घावाबरोबर उडत होता. माशाचं डोकं डोकं राहिलं नाही, तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटी जगदीशनेच हलक्या आवाजात सांगितलं, "पुरे. झालं आता." मग कुमुदिनीताईंनी गाडी चालवली. मेलेला मासा नवऱ्याच्या मांडीवर होता, कायदेशीररीत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गळ कापला, मासा एका ताटलीत ठेवला आणि विचारलं, हा हाताला असतानाच का ठेचला? जगदीशने अत्यंत आदरार्थी जपानीत कायदा समजावून सांगितला. डॉक्टरांनी ती ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "अशा वेळी तुम्हाला कुणीही अडवलं नसतं." आणि पुढे म्हणाले, नुसता गळ असता तर आठवड्यात भरलं असतं. हिसड्यांनी आणि घावांनी दोन बोटं ओढणारी दोरी आतून तुटली आहे, शेजारची नसही.

व्हिसा, बरं का, विनातक्रार मिळाला. पण उजव्या हाताची ती दोन बोटं हलत नाहीत आणि त्यांना स्पर्शही कळत नाही. म्हणून हे कुटुंब पुण्याला निघालं आहे. तिथे ओळखीच्या शल्यविशारदांकडे ऑपरेशन आहे. बोटं चालली तर परतही येतील. मोरिता-सान यांनी जागा राखून ठेवू असं म्हटलं आहे. तो फोटो त्यांनी मागितला नाही.

सुमेधाताई, आपण मला बोलायला दिलंत आणि घड्याळाकडे पाहणं टाळलंत, याबद्दल ऋणी आहे. स्वयंपाकघरात बटाटेवडे तळणाऱ्या भगिनींचेही आभार, कारण त्या वासाने श्रोते जागे राहिले. मंगल प्रसंगी मी रक्तपात आणला, सत्कारमूर्तींच्या घरची गोष्ट चारचौघांत बोललो. त्यांनी आणि आपण सर्वांनी उदार मनाने ते पोटात घालावं. जगदीश, कुमुदिनीताई, सुखरूप जा.

आणि एवढा वेळ मी थट्टा करतो आहे, कारण खरं ते कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. ऑपरेशनने बोटं येतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही. मला भीती वाटते की ती येणार नाहीत. तेव्हा कुमुदिनीताई समजतील की आपल्या हातून झालं. जगदीश समजेल की आपल्या हट्टाने झालं. त्या दिवसाबद्दल हे दोघं एकमेकांशी अजून एक शब्द बोललेले नाहीत. मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं आहे. तिथे पुण्यातही ते बोलणार नाहीत, याची मला काळजी वाटते.