नानांनी पान्यानं आवळलेला ठेचा

ठेचा टिकवायचा विषय निघालाच आहे, तर आमच्या नानांचं ऐका. नाना म्हणजे माझे सासरे. चाळीसगावला त्यांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, आता मेहरूणला आमच्याकडे असतात.

शिंदखेड्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, मोठा डबाभर हिरव्या मिरचीचा ठेचा पाठवला. मी म्हटलं, "फ्रीजरमध्ये टाकते."

नाना ठेचा टिकवायची रीत मोबाइलवर बघून बसलेले. "बर्फ करू नको. बाटल्या उकळ, लिंबू पिळ, आणि आत हवा जायला नको."

हवेचं त्यांच्यावर सोडायला नको होतं. मोटारीनं हवा घेतली की पाणी चढत नाही, हे ज्यानं जन्मभर सांगितलं, तो माणूस झाकण हातानं कशाला लावेल? पेटीतून पाइप पाना काढला आणि सगळ्या बाटल्या आवळून फ्रीजमध्ये ठेवल्या.

पुढच्या रविवारी पाहुणे भरीत खायला आले. एकही बाटली उघडेना. गरम पाणी झालं, फडकं झालं, पाहुण्यांचे तळहात लाल झाले. शेवटी उलटा पाना लावला तर काच तडकली. ती बाटली टाकून दिली.

नाना उरलेल्या बाटल्या उलट्या करून बघत होते. "थेंब तरी गळतोय का बघा."

पाहुण्यांनी भरीत कच्च्या मिरचीशी खाल्लं. तेवढ्यात अक्कांचा फोन.

"भाऊ, ठेचा खराब तं नही व्हयना ना?"

"नाही झाला, अक्का," नाना समाधानानं म्हणाले. "आणि आता कोणाच्या बापाच्यानं होतही नाही."