कुलपाची दुसरी किल्ली

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानापुढे रांग होती. शेवटी उभ्या शिंपिणीला पुढच्या बहीणभावाचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“दिवसाला एकच सिगारेट मिळावी म्हणून पाकिटं कपाटात कोंडली, किल्ली बायकोला दिली, अशी गावभर फुशारकी मारलीस ना?”

“दिली की, ताई.”

“मग ही कुठली?”

“तीच. बायको आंघोळीला गेलीय.”

“तुझा निश्चय म्हणजे नुसती तोंडाची वाफ.”

“मन आवरेना म्हणून तर कुलूप लावलं.”

“आणि आता त्या कुलपालाच टोपी घालायला निघालास. शेंबडं पोरसुद्धा तुझ्यापेक्षा शब्दाला जागतं.”

“बरं. साखर वाढली म्हणून तू गोडाचं कपाट सुनेच्या ताब्यात दिलंस. मग तू इथे कशाला उभी आहेस?”

ताईने मूठ घट्ट मिटली.

“पुढे सरक. सूनबाईची आंघोळ आटपत आली असेल.”