गट तुटला

नाही, तुमीच सांगा, मी काय म्हनलं? 'गट तुटला.' बस्स, दोन शब्द! खोटं होतं का ते? नाही ना? मंग सारं वलगाव माह्यावर काहून डोळे वटारून राहिलं?

थांबा, मुळापासून सांगतो. मी किशोर मास्तर. वलगावले शिकवतो, अन् रोज सकाळी अमरावतीले जाऊन बॅडमिंटन खेळतो. माहा साळा अश्विन, थो नोकरीपायी अकोल्याले असते. तिथं दरवर्षी चाळिशीवाल्यांची स्पर्धा रायते, अन् दरवर्षी हा साळा मले फायनलमंदी पाडते. तीन वर्षं! मांगच्या साली तं शेवटचं फूल, म्हंजे शटल, मी सोताच नेटमंदी घातलं... अन् तवापासून अकोटले सासरी माह्यं नाव पडलं, 'नेट-जवाई'! सासरे पुंजाजी पाहुन्याईले ओळख करून देतात, "हे आमचे नेट-जवाई." आता लोकाईले काय माईत? साळीच्या लग्नात एक बुवा मांडवात मोबाईल घेऊन आला, "जवाईबुवा, आमच्या गल्लीत नेट लय हळू चालून राहिलं, पाहा ना जरा!" हातातली बुंदी हातातच राहिली माही! त्याच दिवशी ठरवलं, यंदा अश्विनले पाडाचं म्हंजे पाडाचं, अन् हे नाव पुसून टाकाचं.

अन् स्पर्धेले दोन दिवस उरले तं... ठण्ण! रॅकेटची तार गेली. त्या तारीले आमी खेळनारे 'गट' म्हनतो बरं का, हे ध्यानात ठेवा, साऱ्या भानगडीचं मूळ हेच हाय. अमरावतीत गट भरून देनारा माहा भरोशाचा मानूस एकच, भगवंता. त्याच्या दुकानात गेलो तं म्हने, "सर, टिकाऊ टाकू का कडक टाकू?"

मी म्हनलं, "दोनी टाक."

हासला ना बाप्पा! म्हने, "सर, पातळ तार कडक. फूल गोळीवानी सुटते, वाजते बी मस्त, पन एक फटका काठाले बसला का खतम! जाडी तार टिकाऊ. वर्षभर काई होत नाही तिले, पन खेळतानी वाटते, खराट्यानं आंगन झाडून राहिलो."

"अन् मधातली?"

"मधातली हाय ना. थे मधातलीच खेळते."

सांगा! अन् वरून इचारते, "ताण किती देऊ, चोवीस पौंड का सव्वीस?" अबे, मले आधीच रक्तदाबाची गोळी चालू हाय, अजून किती ताण देतं? डोक्याचा पार भुगा झाला. म्हनलं, घरी इचारावं. माही बायको भावना, डोकं लय चालते तिचं. दुकानातूनच लावला फोन.

आता कान देऊन ऐका. भावना बारा बायांच्या बचत गटाची अध्यक्ष. सचिव दुर्गाबाई. प्रदर्शनात मूगवड्या मांडाच्या का कुरडया, यावरून दोघींचं महिनाभर फाटून राहिलं होतं. अन् दुर्गाबाईच्या नवऱ्याचं नाव काय? भगवंतराव! हाव ना, भगवंतराव! आता दोन भगवंत काय मी पैदा केले?

मी काय म्हनलं? "भावना, गट तुटला."

"काय सांगता! कवा?"

"आज सकाळीच. मधातूनच गेला. सैल तं कवाचाच पडला होता."

"मले वाटतच होतं! मंग आता?"

"आता काय? भगवंता म्हनते, जुनं सारं कापून फेकतो, अन् नवीन भरून देतो."

"भगवंता म्हनते? त्याची येवढी हिंमत?"

"तू फक्त येवढं सांग, टिकाऊ का कडक?"

"कडक? थांबा, मी दाखवते त्याले कडक!" अन् फोन कट.

मी म्हनलं, चला, बायको कडक म्हनली! टाक भगवंता पातळ तार, दे सव्वीस! तुमीच सांगा, यात माह्यं काय चुकलं?

गावात येतो तं काय, दुर्गाबाईच्या दारात जत्रा! इकडे सहा बाया, तिकडे सहा बाया. मधात भगवंतराव, अर्ध्या गालाले साबन, हातात वस्तरा, अन् भावना त्याच्यावर वरडून राहिली, "मले कापून फेकता का?" थो बिचारा म्हने, "बाई, मी दाढी कापून राहिलो हो!" मी गर्दीत घुसलो, रॅकेट वर धरली, "अहो बायाहो, हा गट! हा तुटला होता!"

साऱ्या बाया तारीकडे पाहाले लागल्या. मंग दुर्गाबाई म्हने, "मास्तर, सुतळीले सुतळी म्हनता येत नाही तुमाले? आता अर्ध्या घंट्यात आमी एकमेकीचं माहेर काढलं, नवरे काढले, पोरीईचे मार्क काढले. थे कोन मांगं घेईन?" कोनीच घेतलं नाही. सहा मूगवड्या इकडे, सहा कुरडया तिकडे. सात वर्षांचा गट हो! खरं सांगतो, लय वाईट वाटलं मले. भावना दोन दिवस जेवाले वाढे, पन बोले नाही.

तसाच गेलो अकोल्याले. सोबत कोनी नाही. अन् काय खेळलो, तुमाले सांगतो! ठण्ण-ठण्ण वाजे तार! बायकोचा सारा राग अश्विनच्या अंगावर काढला. तिसऱ्या गेमले एकवीस-एकोनीस, पाडला साळ्याले! पातळ तार, पन केसभर हालली नाही. जिंकलो! नेट-जवाई खतम!

ढाल घेऊन अकोटले गेलो. सासरे वसरीवर बसले होते, चार पाहुने होते. पुंजाजीनं ढालीकडे पाह्यलं बी नाही. पोरीचा फोन माह्या आधी पोचला होता ना! म्हनले, "या. हे आमचे गटफोडे जवाई."

गेलं ना नेट! अन् आता ग्रामपंचायतीचं इलेक्शन तोंडावर. दुसऱ्याच दिवशी सकाळी सासऱ्याच्या दारात बाजूच्या खेड्यातला एक बुवा चप्पल काढून, हात जोडून उभा. हळूच म्हने, "जवाईबुवा, सरपंचाचा गट तेवढा फोडून द्या ना. तुमचं लय नाव आयकलं."

अन् वरून काल भगवंताचा फोन. साबनवाला नाही, तारवाला. लय मायेनं इचारते, "काय सर, गट टिकला ना?"

आता तुमीच सांगा... कोनता म्हनू?