नाल्यापल्याडचं कुरण

१९४८ सालचा उन्हाळा होता. मंठ्याहून लोणारकडं जाताना निजामाच्या हद्दीवर जो नाका लागे, तिथं रांगेत माझ्यापुढं मायलेक उभे होते. लेक भुजंग, मोठ्या लढाईत जर्मनांच्या कैदेत राहून परतलेला.

"माय, तिथलं गाव बी असंच होतं. हद्दीवरचं, शंभर उंबऱ्याचं. मला एका म्हातारीच्या शेतात कामाला लावल्तं. तिचं कुरण नाल्यापल्याड, दुसऱ्या मुलखात."

"मंग गाय तिकडं जायची कशी?"

"मीच न्यायचो. वासरू घरी बांधलेलं असायचं, म्हणून शिपाई गायीला सोडायचे."

"आन् तुला?"

"मी माघारी न्हाई आलो तर म्हातारीला धरणार होते."

"पल्याड लढाई नव्हती?"

"बिलकुल न्हाई."

"तरी रोज माघारी यायचा तू?"

"सांच्याला वासरू हंबरायचं. गाय पळत सुटायची, तिच्या मागं मी. म्हातारी दारात उभी असायची."

तेवढ्यात नाक्यावरचा शिपाई ओरडला, "एका घरचा एकच माणूस पल्याड जाईल. दुसऱ्यानं इथं बसायचं. दिवस बुडायच्या आत वापस!"

"माय, चल. दोघं बी घरी जाऊ."

"घरी? काल निजामाचे घोडेस्वार दोनदा तुला धरायला येऊन गेले."

"मंग तुला इथं ठिवून जाऊ?"

"मला काय करतेत? जा तू, जल्दी."

"आन् सांच्याला?"

"सांच्याला मी हंबरणार न्हाई."