हातभर साडी राहिलती

माझं माहेर काकती, बा दुसऱ्याच्या रानात राबायचा, आणि मी सून होऊन आलो ती हितं शहापुरात, विणकराच्या घरात, उंबरा ओलांडला की मागाचा खड्डाच, त्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर धोटा मारायचा. तुमी पुस्तकासाठी सव्वाशे वर्सामागचं शहापूर इचाराय आलाय न्हवं? ते मला मामंजींनी, म्हंजे सासऱ्यानं, पहिल्याच आठवड्यात सांगिटलंय, ऐका.

मामंजींच्या आजाच्या वक्ताला गल्लीत घरोघरी माग, बायका पहाटं हिरीवर पाण्याला, दारादारात रंगीवलेलं सूत वाळत घातलेलं. मग पलेग आला. उंदीर पडाय लागलं तशी सगळी गल्ली गाडीत भांडीकुंडी घालून रानात झोपड्या मारून ऱ्हायला गेली. आजा गेला न्हाय. मागावर लग्नाची साडी हुती, आणि आमच्या घरची रीत, अर्ध्या साडीवरनं उठायचं न्हाय, उठलं की माग रुसतोय. आत बायकोला ताप चढलेला, ती पाणी पाणी करालती, आणि ह्यो म्हणतोय थांब गं, पदर होऊ दे. पदर झाला, उठून बघतोय तर बाई गार.

काय सांगू तुमाला, ही गोष्ट आमच्या घरात रडत न्हाय सांगत, मिशीला पीळ देऊन सांगत्यात! असला कारागीर हुता म्हणं. त्याचं नाव गल्लीत बारक्या पोरास्नी बी ठावं. बायकोचं नाव मी सासूला इचारलो तर म्हणाली, कुणाला ठावं, तुला कशाला पायजे, धोट्यातल्या सुताच्या कांड्या भर.

माझी मंगल दोन वर्साची हुती. सकाळी अंग तापलं, दुपारी डोळं फिरवाय लागली. आमचं मालक, मंगलचा बा, सूत आणाय गेलते. मी म्हणालो, मामंजी, दवाखान्याला नेतो. ते उंबऱ्यात आडवं बसलं, म्हणालं मागावरची साडी हातभर ऱ्हायलीया, आमच्या आजानं पलेगात सोडली न्हाय आणि तू एवढ्याशा तापाला सोडतीस व्हय गं? आणि मी बसलो. मला कुणी बांधून घातलं नव्हतं हो. सासूच्या मांडीवर पोरगी आई आई करालती आणि मी धोटा मारलो, मारलो, मारलो. साडी उतरवून पोरीला घेऊन पळत सुटलो तर डॉक्टर म्हणाला, बाई, तासभर आधी आणायची होती. जळू दे ती साडी! लई चांगली झाली म्हणालं सगळी.

आता माग मोडला, खड्डा बुजवून वर फरशी घातलीया, त्यावरच लेकाचं टेबल, कम्प्युटरवर कंपनीचं काम करतोय. परवा मला ताप आलता. म्हणालो बाळा, घोटभर पाणी दे रं. तो मागं न बघताच म्हणाला, आई, थांब, एवढं संपू दे.

मी कुठल्या तोंडानं बोलू? ती गोष्ट त्याला बी मामंजींनी सांगिटलीया, मांडीवर घेऊन. भिंत धरून उठलो, माझं मीच पाणी घेतलो. सुखात ऱ्हाऊ दे त्याला.

आणि तुमी मगाशी आजाचं नाव लिवून घेतलासा, बघितलो मी. त्याच्या खाली लिवा, मंगलची आई, ती बी उठली न्हाय.